फर्मवेअर अद्ययावतीकरण (नेटवर्क स्विचचे)

मॅनेज्ड नेटवर्क स्विचच्या (संगणक, कॅमेरे इत्यादी उपकरणे केबलने एकमेकांना जोडणाऱ्या आणि मांडणी बदलता येणाऱ्या यंत्राच्या) फ्लॅश मेमरीतील, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीतील, कार्यप्रणालीच्या जागी नवी आवृत्ती बसवण्याची क्रिया. सुरक्षेतील छिद्रे बुजवणे हे तिचे एक मुख्य प्रयोजन.

‘फर्मवेअर’ ही संज्ञा अ‍ॅशर ऑप्लर यांनी १९६७ मध्ये ‘डेटामेशन’ नियतकालिकातील लेखात रूढ केली, असे सामान्यतः मानले जाते. त्यांना अभिप्रेत होता तो प्रोसेसरच्या पुन्हा लिहिता येणाऱ्या नियंत्रण-स्मृतीतील मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूक्ष्म सूचना. पुढे रॉममध्ये (फक्त वाचता येणाऱ्या स्मृतीत) कायम ठेवलेल्या प्रोग्रामलाही तेच नाव मिळाले. आजच्या स्विचमध्ये चालते ती बहुधा लिनक्सवर आधारलेली पूर्ण कार्यप्रणाली, म्हणून तिला फर्मवेअर म्हणणे सैल वाटू शकते. तथापि मूळ मांडणीत पुन्हा लिहिता येण्यालाच महत्त्व होते, हे पाहता प्रचलित वापर अधिक ग्राह्य वाटतो.

नव्या आवृत्तीची फाइल (इमेज) स्विचवर नेण्यासाठी टीएफटीपी ही नेटवर्कवरून फाइल पाठवण्याची साधी पद्धत हा जुना मार्ग (इंटरनेटचे तांत्रिक दस्तऐवज आरएफसी ७८३, १९८१, सुधारित आरएफसी १३५०, १९९२). त्यात ओळखपडताळणी नाही आणि एन्क्रिप्शनही नाही. ५१२ बाइटचे तुकडे आणि १६ बिटांचा तुकडा-क्रमांक यांमुळे मूळ रचनेत सुमारे ३२ एमबीपुढची फाइल अडते. नंतरच्या अनेक अंमलबजावण्यांनी ही अडचण दूर केली. एससीपी किंवा एसएफटीपी या एन्क्रिप्शन असलेल्या पद्धती उपलब्ध असल्यास तेच वापरावे. उत्पादकाने दिलेला हॅश (फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेली अक्षरांची ओळ) आणि स्विचवर काढलेला हॅश अक्षर न् अक्षर ताडावा. पहिली-शेवटची चार अक्षरे जुळली म्हणून भागत नाही.

खरी सुरक्षितता परतीच्या वाटेत असते. जुनी इमेज फ्लॅशमध्ये राखावी आणि कन्सोल केबल (नेटवर्कविना स्विचशी थेट बोलण्याची तार) आधीच जोडून पाहावी. रीबूटनंतर स्विच उठला नाही, तर बूटलोडरमधून (कार्यप्रणालीआधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममधून) एक्समोडेम या जुन्या पद्धतीने त्याच केबलवरून फाइल चढवावी लागते. ९६०० बॉडला (बॉड म्हणजे केबलवरील वेगाचे एकक) सेकंदाला जेमतेम ९६० बाइट जातात, म्हणजे ३२ एमबीला साडेनऊ तासांहून अधिक वेळ लागतो. ११५२०० बॉडला तेच काम पाऊण तासाच्या आसपास उरकते. वेग बदलायची आज्ञा आधी टिपून ठेवणे म्हणूनच आवश्यक.

पुण्यात वेळ निवडणे हा स्वतंत्र प्रश्न आहे. हिंजवडी-खराडीतील कार्यालये अमेरिकी वेळेनुसार चालत असतील तर रात्र निवांत नसते. भोसरी-चाकण पट्ट्यात गुरुवारची सुट्टी सोयीची वाटते, पण त्याच दिवशी महावितरणची देखभालीची कामेही निघतात. फ्लॅश लिहिली जात असताना वीज गेल्यास इमेज अर्धवट राहते, म्हणून यूपीएसची बॅटरी लोडवर तपासल्याशिवाय काम हाती घेऊ नये. पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज पुरवणारा) स्विच रीबूट होताना त्यावरचे कॅमेरे, आयपी फोन आणि वाय-फायही सामान्यतः बंद पडतात. याची पूर्वसूचना सुरक्षारक्षकांनाही द्यावी.

स्टॅकमधील (एकत्र जोडून एकच म्हणून चालवलेल्या) सर्व स्विचवर सहसा एकच आवृत्ती लागते. नवी आवृत्ती कॉन्फिगची (स्विचच्या साठवलेल्या सेटिंगची) मांडणी बदलू शकते आणि ती जुन्या आवृत्तीला वाचता येईलच असे नाही. त्यामुळे कॉन्फिगचा बॅकअप अद्ययावतीकरणापूर्वी घेऊन, त्याच्या नावात आवृत्ती-क्रमांक घालून, स्विचबाहेर ठेवतात.