छातीतली धडधड आणि सात प्रश्न

मोबाईलवर सात प्रश्न येतात. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस जीव अस्वस्थ होता? काळजी थांबवता आली नाही, असं किती दिवस झालं? प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण २१. बेरीज दहा किंवा त्याहून जास्त झाली की ‘डॉक्टरांना भेटा’ अशी सूचना. चिंतेचा आजार ओळखणाऱ्या या प्रश्नावलीचं नाव जीएडी-७. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट स्पिट्झर आणि सहकाऱ्यांनी ती २००६ साली प्रसिद्ध केली, अमेरिकेतल्या १५ दवाखान्यांतल्या २,७४० रुग्णांचा अभ्यास करून. वापरायला ना पैसे लागतात ना परवानगी. ती इंटरनेटवर इतकी पसरली त्याचं मोठं कारण हेच.

गोव्यात मात्र ही गोष्ट मोबाईलच्या आधीची आहे. इथल्या आरोग्य केंद्रात येणारी बाई ‘मला चिंता आहे’ असं सांगत नाही. अंग मोडून येतं, झोप लागत नाही, छातीत धडधडतं, असं सांगते. फार तर ‘टेन्शन’ म्हणते. (त्याआधी घरात दिश्ट काढून झालेली असते, ते वेगळंच.) घरात कोंकणी आणि वाचायला मराठी पेपर असलेल्या माणसापुढे ‘चिंताग्रस्त’ हा छापील शब्द ठेवला, तर तो त्याला आपला वाटेलच असं नाही.

म्हणून गोव्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रांत मानसिक त्रास ओळखणाऱ्या पाच प्रश्नावल्या एकमेकींशी ताडून पाहिल्या गेल्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासामागे डॉ. विक्रम पटेल होते. १९९६ साली सुरू झालेल्या, मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ‘संगाथ’ संस्थेच्या संस्थापकांपैकी ते एक. पुढे ‘मानस’ हा प्रयोग झाला. २४ दवाखाने, निम्मे सरकारी, निम्मे खासगी. प्रश्नावलीच्या चाळणीत सापडलेल्या रुग्णाशी डॉक्टर नसलेले, पण प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक बोलत. २०१० साली निष्कर्ष आले: सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले, हा प्रयोग नसलेल्या केंद्रांत ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. माझ्या मते त्या प्रयोगाचं खरं बळ प्रश्नांत नव्हतं, प्रश्नांनंतर समोर बसणाऱ्या माणसात होतं.

ऑनलाईन चाळणीत नेमका तोच माणूस गळतो. जीएडी-७ च्या मूळ अभ्यासात दहा गुणांच्या रेषेवर शंभर आजाऱ्यांपैकी ८९ पकडले जात, आणि शंभर निरोग्यांपैकी १८ जण उगाच अडकत. आता समजा, शंभर जणांनी मोबाईलवर प्रश्न सोडवले आणि त्यांतल्या पाचांनाच खरा त्रास आहे. सूचना बावीसेक जणांना येईल, त्यांतले सतरा विनाकारण घाबरतील. एक लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नसलेल्या देशात त्या सतरांनी जायचं कुठे, आणि खऱ्या पाचांचा नंबर कधी लागायचा?

१० ऑक्टोबर २०२२ पासून देशात टेली-मानस ही मानसिक त्रासासाठीची हेल्पलाईन आहे, क्रमांक १४४१६. गोव्यातल्या त्या प्रयोगाशी नाव जुळतं, इतकंच.