टायर मोठे केले, आता ४.१० की ४.५६?

पिकअपला मोठे टायर बसवताना बहुतेकांचा विचार एवढ्यावरच थांबतो की टायर कमानीत मावतोय का आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कुठे घासत तर नाही ना. मग पहिला मोठा चढ लागतो आणि गाडी ओढेनाशी होते. लगेच संशय इंजिनावर. एअर फिल्टर बदलला जातो, इंजेक्टर साफ होतात, कुणीतरी इंधनाच्या नळीला चुंबक बांधायचा सल्ला देतं. (ही चुंबकं अजून विकली जातात आणि विकत घेतलीही जातात. डिझेल किंवा पेट्रोलच्या रेणूंना त्या चुंबकाशी काहीही देणंघेणं नसतं.) इंजिन मात्र होतं तसंच ठणठणीत असतं. बिघडलेला असतो तो एक गुणाकार, आणि तो जुळवायचा तर धुरीचा (ॲक्सलचा) रेशो बदलावा लागतो. चाकाच्या एका फेरीमागे गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट किती वेळा फिरतो, तो हा आकडा. शीर्षकातले ४.१० आणि ४.५६ हे असेच दोन रेशो.

टायरच्या कडेला लिहिलेले आकडे घेऊ. २६५/७० आर १७ म्हणजे रुंदी २६५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ७० टक्के, आणि रिम १७ इंचांचा. कडेची उंची १८५.५ मिमी, ती वर आणि खाली अशी दोनदा धरायची, त्यात रिमचे ४३१.८ मिमी मिळवायचे. एकूण व्यास साधारण ८०३ मिमी. त्याच रिमवर ३१५/७० चढवला तर व्यास होतो ८७३ मिमी. गाडी जमिनीपासून फक्त ३५ मिमीने उचलली गेली, कारण व्यासातली निम्मीच वाढ धुरीच्या खाली येते. पण व्यास वाढला ८.७ टक्के, आणि पुढचं सगळं या ८.७ टक्क्यांचं आहे.

धुरी चाकाला पीळ देते, म्हणजे टॉर्क. तो पीळ रस्त्यापर्यंत पोचतो तेव्हा ढकलणारं बल किती मिळेल, हे टॉर्कला त्रिज्येने भागून ठरतं. त्रिज्या वाढली की तेवढ्याच टॉर्कमध्ये ढकल कमी, दार बिजागरीजवळ ढकलण्याच्या आणि कडेला ढकलण्याच्या श्रमात जो फरक असतो तोच हा. आपल्या उदाहरणात प्रत्येक गिअरमध्ये आठ टक्के ढकल गेली.

'पण मग हायवेवर आरपीएम कमी, म्हणजे मायलेज चांगलं', असं इथे कुणीतरी म्हणतंच. तपासून पाहू. समजा धुरीचा रेशो ३.७३ आहे आणि गिअरबॉक्सचा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सगळ्यात वरचा गिअर, ०.७०. ताशी १०० किलोमीटरला जुना टायर मिनिटाला सुमारे ६६० वेळा फिरतो, इंजिन १७२५ वर. नवा टायर ६०८ वेळा फिरतो, म्हणजे इंजिन १५८५ वर. दिसायला छान. पण वारा कापायला लागणारी शक्ती तेवढीच आहे, उलट गाडी उंच झाल्याने थोडी जास्तच. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. फेरे कमी झाले की टॉर्क जास्त मागावा लागतो, आणि हाताशी राखीव काही उरत नाही. जरासा चढ आला की ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ओव्हरड्राइव्ह सोडून खालच्या, १.०० च्या गिअरवर उतरतो, इंजिन एकदम २२६५ वर जातं, चढ संपला की परत वर. हा वर-खालीचा खेळ दिवसभर चालला की गिअरबॉक्सचं तेल तापतं आणि मायलेजचा फायदाही तिथेच जिरतो.

उपाय सरळ आहे. व्यास जेवढ्या पटीने वाढला तेवढ्याच पटीने धुरीचा रेशो वाढवायचा. ३.७३ ला १.०८७ ने गुणलं की ४.०५ येतं. दुकानात मात्र ४.०५ मिळत नाही, ४.१० मिळतो. का? इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण डिफरन्शियलच्या, म्हणजे धुरीच्या मध्यावरच्या गिअरच्या, डब्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे.

रेशो हा हवा तसा निवडता येणारा आकडा नसतो, दात्यांच्या भागाकारातून आलेला असतो. गिअरबॉक्सकडून येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला छोटा गिअर, पिनियन, त्याच्याशी काटकोनात मोठा गिअर, क्राऊन. क्राऊनचे दाते भागिले पिनियनचे दाते म्हणजे रेशो. ४१ भागिले ११ म्हणजे ३.७३. ४१ भागिले १० म्हणजे ४.१०. ४१ भागिले ९ म्हणजे ४.५६. ३९ भागिले ८ म्हणजे ४.८८. ४१ हा आकडा सारखा का डोकावतो? तो मूळ संख्या आहे, आणि ते योगायोगाने नाही.

समजा क्राऊनला ४० आणि पिनियनला १० दाते दिले. रेशो सुटसुटीत ४.००. आता पिनियनचा पहिला दाता घ्या. तो क्राऊनच्या १ नंबरच्या खाचेत बसला, पुढच्या फेरीत ११, मग २१, मग ३१, आणि पुन्हा १. आयुष्यभर त्याची गाठ फक्त या चार खाचांशी. त्या दात्यावर कुठे एखादा सूक्ष्म उंचवटा राहिला असेल तर तो त्याच चार जागा घासत राहणार, खोल करत राहणार, आणि काही हजार किलोमीटरनंतर गाडी एका ठरावीक वेगाला गुणगुणायला लागणार.

आता क्राऊनला एक दाता वाढवा. ४१ आणि १०. पहिला दाता १, ११, २१, ३१, ४१ असा जातो, आणि पुढची खाच येते ती १ नाही, १०. मग २०, ३०, ४०, मग ९. फेरीगणिक सरकत सरकत तो क्राऊनच्या सगळ्या ४१ खाचांना भेटतो आणि मगच पहिल्या जागी परततो. दहाच्या दहा दात्यांचं तेच. ४० आणि १० मध्ये फक्त ४० जोड्या जमत होत्या, इथे ४१० जमतात. हे साधतं ते दोन संख्यांना १ सोडून दुसरा सामाईक विभाजक नसल्यामुळे, शाळेतला मसावि तो हाच. पूर्ण चक्राला पिनियनचे ४१ फेरे लागतात. आपला पिकअप नव्या टायरवर ताशी १०० ने जात असेल तर पिनियन मिनिटाला सुमारे २४९० वेळा फिरतो. म्हणजे जवळपास दर सेकंदाला ४१० च्या ४१० भेटी पूर्ण! झीज सगळ्यांत सारखी वाटली जाते आणि गिअर एकमेकांना घासून जुळवून घेतात. ज्या जुन्या जोड्यांमध्ये संख्यांना सामाईक विभाजक आहे, तिथे कारखान्यात दात्यांवर खुणा केलेल्या असत, कारण त्या जोड्या एकाच स्थितीत बसवाव्या लागत.

याच डब्यात आणखी एक करामत आहे. पिनियनचा अक्ष क्राऊनच्या मध्यातून जात नाही, थोडा खालून जातो. याला हायपॉइड रचना म्हणतात. पॅकार्डने ती १९२६ मध्ये मोटारीत आणली आणि प्रोपेलर शाफ्ट खाली गेल्यामुळे गाडीचा तळही खाली आणता आला. या सरकवण्यामुळे पिनियन जाड करता येतो, पण दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, दाबाखाली घसरतात. साधं तेल तिथे टिकत नाही. म्हणून गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घातलेलं जीएल-५ दर्जाचं तेल लागतं. ती तापलेल्या पृष्ठभागाशी रासायनिक क्रिया करून एक पातळ थर बनवतात आणि लोखंडाऐवजी तो थर झिजतो. डिफरन्शियलचा बोल्ट उघडल्यावर येणारा तो उग्र वास या गंधकाचा.

तर ४.१० घ्यायचा की आणखी पुढे जाऊन ४.५६? ४.१० ने जुनी ढकल परत मिळते, वर एक-सव्वा टक्का जास्त. शंभरला इंजिन १७४५ वर येतं, म्हणजे जवळजवळ मूळ जागी. ४.५६ ने ढकल मूळच्या १२ टक्के वर जाते आणि इंजिन १९४० वर. ट्रेलर ओढणाऱ्याला किंवा सतत खडकाळ चढ चढणाऱ्याला हे परवडतं. रिकाम्या गाडीने हायवे तुडवणाऱ्याने यात पडू नये, असं माझं मत. शिवाय आकडा वाढतो तसा पिनियन बारीक होतो, दाते कमी होतात आणि एका वेळी भार झेलणारं लोखंडही कमी. पिनियन बारीक झाला की क्राऊनला त्याच्याजवळ सरकावं लागतं, म्हणून डाना ४४ या गाजलेल्या धुरीत ३.७३ पर्यंतच्या जोड्यांना एक कॅरिअर (क्राऊन ज्यावर बसतो तो भाग) आणि ३.९२ पासून पुढे वेगळा. खरेदीआधी हे विचारून घ्यावं.

दहा गिअरच्या ऑटोमॅटिकवाल्यांनी तर आधी गाडी तशीच चालवून पाहावी. जुन्या चार-गिअर बॉक्समध्ये पहिला ३.०६ आणि शेवटचा ०.७० असायचा, मध्ये मोठमोठ्या उड्या. आजच्या दहा-गिअर बॉक्समध्ये पहिला ४.७० च्या आसपास आणि शेवटचा ०.६४. आठ टक्क्यांची तूट तो पुष्कळदा एक गिअर खाली उतरून स्वतःच भरून काढतो.

नव्या गिअरने काय सुधारत नाही, हे विक्रेता सांगत नाही. पहिलं, वजन. टायरचं बरंचसं वजन कडेला असतं, त्यामुळे वेग घेताना ते जवळजवळ दुपटीने जाणवतं, एकदा पुढे सरकवायला आणि एकदा फिरवायला. प्रत्येक टायर आठ किलोने जड असेल तर चार टायर मिळून साठेक किलो वाढल्यासारखं होतं. दुसरं, आणि जास्त गंभीर, ब्रेक. ब्रेकची डिस्क चाकाला जोडलेली असते, क्राऊन-पिनियनच्या पलीकडे. लांबलेल्या त्रिज्येला थांबवायला ८.७ टक्के जास्त पीळ लागतो आणि धुरीचा रेशो कितीही बदला, तो तसाच लागत राहतो. उतारावर इंजिनाने गाडी आवरायची ताकद मात्र नव्या रेशोने परत मिळते.

गाडी फोर बाय फोर असेल तर पुढची आणि मागची, दोन्ही धुऱ्या बदलाव्या लागतात. दोन्हींचा रेशो जुळला नाही तर कोरड्या रस्त्यावर शाफ्ट एकमेकांविरुद्ध पिळले जातात. मागे ४.१० आणि पुढे ४.११ चालतं. दुसरा आकडा ३७ भागिले ९ चा आहे आणि फरक पाव टक्क्याच्या आसपास, तेवढा टायरच्या घसरणीत जिरतो.

काम मात्र सरावाच्या हाताचं. दात्यांना पिवळी पेस्ट लावून क्राऊन हाताने फिरवायचा आणि पेस्ट कुठे दाबली गेली ते पाहायचं. पट्टा दात्याच्या मधोमध पडला पाहिजे. तो मुळाशी किंवा शेंड्याला गेला तर शिम (पातळ चकत्या) बदलून पिनियन मिलिमीटरच्या शतांशात आत-बाहेर करायचा, पुन्हा पेस्ट, पुन्हा फिरवणं. दोन गिअरमधली मोकळीक साधारण ०.१५ ते ०.२५ मिमी, डायल गेजने मोजलेली. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडी म्हणूनच येतात, एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन असं कधी करू नये.

स्पीडोमीटरचं सेन्सर कुठे आहे तेही पाहा. गिअरबॉक्सच्या शेपटीला असेल तर ४.१० बसवल्यावर काटा जवळजवळ बरोबर होतो, शंभरला १०१ दाखवतो. चाकाला असेल तर धुरीत काहीही बदललं तरी खऱ्या शंभरला तो ९२ च दाखवणार, आणि १०,००० किलोमीटर धावलेल्या गाडीवर ९,२०० लिहिलेले दिसणार. कॉम्प्युटरमध्ये टायरचा घेर आणि धुरीचा रेशो दोन्ही नव्याने भरून घ्यावेत. नव्या गिअरचं पहिलं तेल आठशे-हजार किलोमीटरला बदलायचं असतं, तो आकडा तरी खरा हवा.