टप्पा रद्द करायचा कुणी? गाविया घाटापासून आजपर्यंत

२१ मे २०२४. इटलीतल्या लिविन्यो गावातून जिरो दी इतालिया या अनेक दिवसांच्या सायकल शर्यतीचा सोळावा टप्पा, म्हणजे त्यातली एका दिवसाची शर्यत, सुटायचा होता. वाटेत अडीच हजार मीटरच्या वर चढणारा डोंगर, त्यावर बर्फ, आणि गावात गारठवणारा पाऊस. थोडं अंतर दाखवण्यापुरतं तरी चालवा, मग थांबा, असे वेगवेगळे प्रस्ताव आयोजकांनी ठेवून पाहिले. सायकलपटू तयार झाले नाहीत. शेवटी सगळ्यांना गाड्यांत बसवून डोंगरापलीकडच्या लासा गावी नेलं आणि तिथून उरलेला ११८ किलोमीटरचा टप्पा झाला. आयोजक नाराज होते, जुने खेळाडू चिडले होते आणि ‘आमच्या वेळी’ने सुरू होणारी वाक्यं दिवसभर ऐकू येत होती.

हवामान सगळ्यांनाच दिसतं. भांडण असतं ते निर्णय कुणी घ्यायचा आणि किती वाजता घ्यायचा यावर. डोंगरातल्या सायकल शर्यतींचा इतिहास या अंगाने पाहिला की अशा वादांचा उगम लक्षात येतो.

या विषयावर बोलताना हमखास निघणारं उदाहरण म्हणजे ५ जून १९८८चा गाविया घाट. जिरोचा चौदावा टप्पा, व्हालमालेंकोपासून बोर्मियोपर्यंत, अंतर जेमतेम १२० किलोमीटर. मध्ये गाविया खिंड, उंची २,६०० मीटरहून थोडी जास्त. रस्ता तेव्हा बराचसा कच्चा होता, मातीचा आणि अरुंद. खाली पाऊस होता. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे पायथ्याशी आठ-नऊ अंश असले तर माथ्यावर शून्याच्या आसपास. वर बर्फच पडणार हे सकाळी सगळ्यांना कळत होतं. तरीही शर्यतीचे संचालक विन्चेंझो तोरियानी यांनी टप्पा सुरू केला. निर्णय त्यांचा एकट्याचा होता आणि त्यांना अडवू शकेल असा कुणी नव्हता.

अशा दिवशी चढापेक्षा उतार घातक असतो, आणि घाटात सायकल न चालवलेल्याला हे चटकन पटत नाही. चढताना शरीर भट्टीसारखं तापलेलं असतं, कपडे घामाने आणि पावसाने चिंब होतात. माथा ओलांडला की पाय थांबतात. शरीरात उष्णता तयार होणं एकदम कमी होतं आणि ताशी पन्नास-साठ किलोमीटरचा वारा त्या ओल्या कपड्यांतून आरपार जातो. पाच-दहा मिनिटांत बोटं बधिर होतात. ब्रेक दाबतोय की नाही, हे हाताला कळत नाही. त्या काळी ब्रेकचे रबर थेट चाकाच्या कडेवर घासायचे, आणि कडा ओली किंवा बर्फाळली असेल तर ब्रेक लागायला कितीतरी वेळ जायचा. शरीराचं तापमान आणखी खाली गेलं की विचारही मंदावतो. आपण धोक्यात आहोत हे ज्याला कळायला हवं, त्यालाच ते कळेनासं होतं. ‘ज्याला जमत नसेल त्याने थांबावं’ हा सल्ला इथे लागू पडत नाही, तो यामुळेच.

हॉलंडचा योहान व्हॅन डर व्हेल्डे त्या दिवशी अर्ध्या बाह्यांच्या जर्सीत गावियाच्या माथ्यावर सगळ्यांच्या आधी पोचला. उतारावर थंडीने तो इतका गारठला की थांबून एका गाडीत आसरा घ्यावा लागला. बोर्मियोला पोचला तेव्हा तो पाऊण तासाहून जास्त मागे पडला होता. अमेरिकेच्या अँडी हॅम्पस्टनच्या संघाने मात्र सकाळीच दुकानांतून स्कीइंगचे जाड हातमोजे आणि लोकरी टोप्या विकत घेतल्या होत्या. अंगाला ग्रीस चोपडलं होतं, माथ्याजवळ गरम कपड्यांच्या पिशव्या तयार ठेवल्या होत्या. टप्पा एरिक ब्रॉयकिंकने जिंकला, एकूण आघाडीची गुलाबी जर्सी हॅम्पस्टनकडे गेली आणि पुढे ती शर्यत जिंकणारा तो पहिला अमेरिकी ठरला. ही गोष्ट पराक्रमाची म्हणून सांगितली जाते आणि तो पराक्रम होताच. पण त्या दिवशी कुणी दरीत गेलं नाही याचं श्रेय नियोजनाला देता येत नाही. एका संघाने स्वतःपुरती सोय केली. बाकीच्यांचं नशीब चांगलं होतं, एवढंच.

त्याआधीही असंच चालत आलं होतं. १९१०ची मिलान–सान रेमो ही इटलीतली एकदिवसीय शर्यत बर्फातच झाली. युजीन क्रिस्तोफ वाटेतल्या एका खाणावळीत ऊब घेऊन पुन्हा निघाला आणि जिंकला. शेवटपर्यंत पोचलेले बोटांवर मोजण्याइतके होते. एप्रिल १९८०च्या लीएज–बास्तोन–लीएज या बेल्जियममधल्या शर्यतीत १७४ जण निघाले आणि २१ जणांनी शर्यत पूर्ण केली. विजेता बर्नार इनोच्या दोन बोटांची संवेदना कायमची अधू झाली. असले आकडे कौतुकाने छापले जातात. १७४ पैकी १५३ जण शर्यत सोडतात, तेव्हा त्या दिवशीचं आयोजन फसलं होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

गावियाच्या पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, त्याच घाटावरून जाणारा सोळावा टप्पा खराब हवामानामुळे रद्द झाला. म्हणजे आयोजकांना धोका कळत नव्हता असं नाही. पण एकाच माणसाच्या हाती निर्णय असला की दुसरा प्रश्न उभा राहतो, पक्षपाताचा. १९८४ मध्ये स्तेल्व्हिओ घाट बर्फाचं कारण देऊन शर्यतीतून काढला गेला. चढात भारी असलेला फ्रेंच लोराँ फिन्यों त्या वर्षी इटलीच्या फ्रान्चेस्को मोझेरशी झुंजत होता. मोझेर जिंकला, फिन्यों दुसरा आला. घरच्या खेळाडूसाठी घाट वगळला, असा आरोप फ्रेंच गोटातून झाला आणि तो आजही चर्चेत येतो. खरंखोटं बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरते. कुठल्या परिस्थितीत टप्पा बदलायचा याचा नियमच नसेल, तर रास्त निर्णयावरही संशय घेतला जाणार.

पुढची पंचवीस वर्षं हे असंच रेटलं गेलं. मग २०१३ आलं. १७ मार्चला मिलान–सान रेमो बर्फामुळे ओव्हादा गावात थांबवावी लागली. गोठलेल्या खेळाडूंना बसमधून डोंगरापलीकडे समुद्रकिनारी नेलं आणि तिथून शर्यत पुन्हा सुरू केली. दोनच महिन्यांनी, २४ मे रोजी, गाविया आणि स्तेल्व्हिओवरून जाणारा जिरोचा एकोणिसावा टप्पा आदल्या दिवशीच बदलला गेला आणि सकाळी पूर्ण रद्द झाला.

वर्षभराने तोच टप्पा, तेच घाट, तसाच बर्फ. २७ मे २०१४ रोजी टप्पा झाला आणि जे घडलं ते फार बोलकं आहे. स्तेल्व्हिओच्या उताराच्या वेळी संघांपर्यंत निरोप गेला की पुढे लाल झेंडा घेतलेल्या मोटारसायकली असतील. काहींनी त्याचा अर्थ घेतला की उतारावर शर्यत थोपवली आहे, कुणी पुढे निघायचं नाही. काहींनी तसा घेतला नाही. नायरो किन्ताना पुढे निघाला, टप्पा जिंकला आणि गुलाबी जर्सीतल्या रिगोबेर्तो उरानपेक्षा चार मिनिटांहून अधिक वेळ कमावून शेवटी जिरोही जिंकून गेला. शर्यत थोपवलेलीच नव्हती, असं आयोजकांनी नंतर सांगितलं. किन्तानाला दोष देण्यात अर्थ नाही. बर्फात, धुक्यात, अर्धवट ऐकू येणाऱ्या रेडिओवर दिलेला मोघम निरोप हा निरोपच नव्हे.

फेब्रुवारी २०१५ मध्ये ओमानमधल्या शर्यतीत वाळूचं वादळ आणि उकाडा असा दुहेरी मार बसला. उतारावर टायर फुटू लागले. खेळाडू एका पुलाखाली सावलीत थांबले ते पुन्हा निघालेच नाहीत, आणि तो टप्पा रद्द करावा लागला. थंडीइतकंच उन्हाचंही भय असतं हे त्या दिवशी सगळ्यांसमोर आलं.

या सगळ्यातून २०१६ पासून जागतिक सायकलिंग महासंघाचा, म्हणजे युसीआयचा, अतिहवामानासाठीचा नियम लागू झाला. गोठवणारा पाऊस, रस्त्यावर साचलेला बर्फ, जोरदार वारा, टोकाचं तापमान, कमी दृश्यमानता आणि हवेचं प्रदूषण अशी कारणं त्यात नोंदवली आहेत. यांपैकी काही संभवत असेल तर आयोजक, मुख्य पंच, शर्यतीचे डॉक्टर, सुरक्षाप्रमुख, खेळाडूंचा प्रतिनिधी आणि संघांचा प्रतिनिधी एकत्र बसतात. सुरुवातीची जागा किंवा वेळ बदलणं, शेवट अलीकडे आणणं, पर्यायी रस्ता घेणं, काही भाग वेळ न मोजता पार करणं, आणि शेवटचा उपाय म्हणून टप्पा रद्द करणं, असे मार्ग त्यांच्यापुढे असतात. मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती खेळाडूंच्या प्रतिनिधीची खुर्ची. १९८८ मध्ये ती नव्हती.

नियमाची परीक्षा लगेच झाली. मार्च २०१६ मध्ये फ्रान्समधल्या पॅरिस–नीस शर्यतीचा मों ब्रुईचा टप्पा बर्फामुळे अर्ध्यात थांबला. त्याच आठवड्यात इटलीतल्या तिरेनो–आद्रियातिको शर्यतीचा मुख्य डोंगरी टप्पा अंदाज पाहूनच रद्द केला गेला. डोंगरावर वेळ कमावायची आशा असलेला व्हिन्चेंझो निबाली उघड नाराज झाला. डोंगर गेल्यामुळे ती शर्यत ग्रेग व्हॅन आव्हरमाटने एका सेकंदाच्या फरकाने जिंकली. मग २६ जुलै २०१९. तूर द फ्रान्सचा एकोणिसावा टप्पा सुरू असताना पुढच्या व्हाल दिझेरजवळ गारांचा मारा झाला आणि रस्त्यावर चिखलाचा लोंढा आला. इझरां खिंडीच्या माथ्यावरची, २,७७० मीटरवरची वेळ ग्राह्य धरून टप्पा थांबवला. टप्प्याला विजेता नाही, पण एगान बेर्नाल एकूण आघाडीच्या पिवळ्या जर्सीत गेला. इथे हवामान एका डोंगराच्या अलीकडे लख्ख आणि पलीकडे महाभयंकर होतं. खेळाडूंना समोर ऊन दिसत असताना थांबायला सांगायला धैर्य लागतं. ते दाखवणाऱ्यांचं पुरेसं कौतुक झालं नाही.

नियमात एक फट राहिली. साधा पाऊस किती आणि थंडी किती म्हणजे ‘अति’, याचा आकडा त्यात नव्हता. ऑक्टोबर २०२० मध्ये जिरोचा मोर्बेन्योहून निघणारा २५८ किलोमीटरचा टप्पा पावसात खेळाडूंच्या विरोधामुळे निम्म्याहून कमी झाला, तो या फटीतूनच.

हे सगळं डांबरी रस्त्यावरच्या शर्यतींचं झालं. माउंटन बाइकमध्ये गणित आणखी अवघड होतं. तिथे पाऊस आणि चिखल हा खेळाचाच भाग आहे. चिखल झाला म्हणून कुणी शर्यत रद्द करत नाही, करूही नये. पण रस्त्याच्या शर्यतीत मागे संघाची गाडी असते, रेनकोट मिळतो, रुग्णवाहिका असते. एकेरी पायवाटेवर यातलं काही नसतं. कुणी पडला तर स्ट्रेचर खांद्यावर घेऊन चालत उतरवावं लागतं. ब्रेकचे पॅड चिखलाच्या एका लांब दिवसात पार घासून जाऊ शकतात, मग उतारावर हातात काहीच उरत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या केप एपिकमध्ये दोघांची जोडी एकत्र चालवते आणि जोडीदारांत दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही असा नियम आहे. रानात मदत पोचेपर्यंत जवळचा माणूस तोच असतो.

डोंगरउतारावरच्या शर्यतीत तर एकेक जण सुटतो, त्यामुळे हवामान बदललं की न्यायाचाही प्रश्न येतो. २०१७ मध्ये फ्रान्समधल्या लुर्द इथल्या विश्वचषक फेरीत शेवटच्या, म्हणजे सगळ्यात वेगवान पुरुषांच्या पाळीआधी वादळी पाऊस कोसळला. कोरड्या वाटेवरून आधी उतरलेला अलेक्सांद्र फायोल जिंकला. शर्यत पूर्ण झाली, कुणी नियम मोडला नाही, तरी आघाडीच्या खेळाडूंना लढायची संधीच मिळाली नाही.

थांबवायला उशीर झाला की काय होतं, याचं सर्वांत भीषण उदाहरण धावण्याच्या शर्यतीतलं आहे. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात बाइयिनजवळ १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत १७२ जण निघाले. वारा, गारा आणि गोठवणाऱ्या पावसात २१ जणांचा जीव गेला. हवामानाचा इशारा होता. वारारोधक जाकीट सक्तीचं नव्हतं. एका मेंढपाळाने आपल्या गुहेत आसरा देऊन सहा जणांना वाचवलं.

आपल्याकडे मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. शिमल्याहून निघणारी एमटीबी हिमालया ही माउंटन बाइकची शर्यत २००५ मध्ये सुरू झाली. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात युसीआयच्या यादीतली अनेक टप्प्यांची शर्यत झाली, म्हणजे हे नियम आता सह्याद्रीच्या घाटांनाही लागू झाले. सह्याद्रीत बर्फाची चिंता नाही. उन्हाची आहे. उष्णतेसाठी युसीआयने अलीकडे स्वतंत्र मोजमाप आणलं आहे. त्यात नुसतं तापमान न पाहता ऊन, वारा आणि हवेतली आर्द्रता मिळून एक आकडा काढतात आणि तो २८च्या वर गेला की सर्वोच्च धोक्याची पातळी मानतात. कोकणपट्टीत एप्रिल-मेच्या दुपारी हा आकडा सहज ओलांडला जातो, त्यामुळे तिथे उन्हाळी शर्यत ठेवायची तर ती उजाडतानाच सुरू करावी लागेल.