बीएस्सीनंतर बायोटेक, मॉलिक्युलर बायोलॉजी करायचंय? गॅट-बी चा फॉर्म, पात्रता आणि कागदपत्रं

रिझल्ट लागला की दरवर्षी हाच प्रश्न येतो, 'गॅट-बी चा (ग्रॅज्युएट अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट-बायोटेक्नॉलॉजी, म्हणजे बायोटेकच्या मास्टर्सची प्रवेश परीक्षा) स्कोअर आला, आता सीट अलॉटमेंट कधी?' तर मंडळी, अलॉटमेंट नावाचा प्रकारच इथे नाहीये. सीईटी सेलच्या कॅप राउंडची सवय असते आपल्याला, म्हणून वाटतं की परीक्षा दिली, प्रेफरन्स भरले की कॉलेज आपोआप मिळेल. गॅट-बी फक्त स्कोअर देते. तो स्कोअर घेऊन प्रत्येक विद्यापीठाच्या साइटवर जाऊन वेगळा फॉर्म भरायचा, वेगळी फी भरायची आणि त्यांची मेरिट लिस्ट बघत बसायची. चांगल्या स्कोअरची पोरं घरी बसतात ती इथेच, परीक्षेत नाही.

आधी ही परीक्षा काय ते सांगतो. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या म्हणजे डीबीटीच्या मदतीने चालणारे एमएस्सी, एमटेक, एमव्हीएस्सी कोर्स देशभर आहेत, त्यांच्यासाठी २०२० पासून गॅट-बी आहे, त्याआधी अशी प्रवेश परीक्षा दिल्लीचं जेएनयू घ्यायचं. कारभार फरीदाबादच्या रिजनल सेंटर फॉर बायोटेक्नॉलॉजीचा, परीक्षा एनटीए (नॅशनल टेस्टिंग एजन्सी) घेते. आपल्या भागातलं सांगायचं तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं बायोटेक, गोवा विद्यापीठाचं मरीन बायोटेक, जवळ बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ (एमएसयू), लांब जायची तयारी असेल तर जेएनयू आणि आसामात तेजपूर, तिथे तर कोर्सचं नावच मॉलिक्युलर बायोलॉजी अँड बायोटेक्नॉलॉजी आहे. कोर्सचं नाव काही असलं तरी सेल बायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स, मॉलिक्युलर हा गाभा सगळीकडे सारखाच, त्यामुळे फक्त नावाला भुलून विद्यापीठ ठरवू नका. यादी दर वर्षी थोडी बदलते, तेव्हा त्या वर्षीचं माहितीपत्रकच बघा, सीनियरने पाठवलेली जुनी पीडीएफ नको.

पेपर कॉम्प्युटरवर, तीन तास, इंग्रजीतच. अ भागात ६० प्रश्न, सगळे सोडवायचे, प्रत्येकी १ मार्क आणि चुकलं की अर्धा कट, आणि हे सगळं बारावीच्या लेव्हलचं फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो. ज्यांनी बारावीला गणित सोडून दिलं होतं त्यांना हा भाग जड जातो. ब भागात १०० पैकी ६० सोडवायचे, प्रत्येकी ३ मार्क, चुकलं तर १ जातो. एकूण २४० मार्क. म्हणजे खरा खेळ ब भागाचा, १८० मार्क तिथेच आहेत.

पात्रतेत लोक फसतात कारण परीक्षेची पात्रता वेगळी आणि कोर्सची वेगळी. परीक्षेला फायनल इयरवाले बिनधास्त बसू शकतात. पण कुठल्या विद्यापीठाला कुठली डिग्री चालते, किती टक्के लागतात हे ज्याचं त्याचं, बहुतेक ठिकाणी ५५ किंवा ६० टक्के, राखीव वर्गाला थोडी सूट. बीएस्सी लाइफ सायन्स, मायक्रो, बायोटेक, केमिस्ट्री, अ‍ॅग्री, बीफार्म, बीटेकवाले बऱ्याच ठिकाणी चालतात, पण 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे सगळीकडे नाही. मार्कशीटवर सीजीपीए असेल तर टक्के काढायचं सूत्र विद्यापीठाचं अधिकृत हवं, घरी दहाने गुणून चालत नाही, त्या सूत्राचं विद्यापीठाचं पत्र आत्ताच काढून ठेवा.

आता फॉर्म. २०२४ ला परीक्षा २० एप्रिलला झाली, २०२५ ला १३ मे ला, म्हणजे फेब्रुवारीपासूनच एनटीएच्या साइटवर नजर ठेवायची. तिथे गॅट-बी आणि बीईटी शेजारी शेजारी दिसतात, बीईटी म्हणजे एमएस्सीनंतरच्या जेआरएफची (पीएचडीसाठीच्या फेलोशिपची) परीक्षा, घाईत ती निवडू नका. नावाचं एक खास आपल्याकडचं लफडं आहे. दहावीच्या बोर्ड सर्टिफिकेटवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी, कुठे वडिलांचं नाव मधे, कुठे नाहीच. फॉर्मवर दहावीच्या सर्टिफिकेटप्रमाणे भरा आणि आधारमध्ये स्पेलिंगचाच फरक असेल (पाटीलमध्ये 'आय' एक का दोन हे वाद आपल्याकडे घरोघरी) तर परीक्षेआधी दुरुस्त करून घ्या. मोबाइल नंबर, ईमेल स्वतःचा द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको, करेक्शन विंडोत सहसा तो बदलता येत नाही. फी भरून कन्फर्मेशन पेज आलं तरच फॉर्म गेला समजायचं, पैसे कटले म्हणून नाही.

जातीचे दाखले हा सगळ्यात मोठा घोळ, म्हणून नीट वाचा. जेएनयू, तेजपूर ही केंद्रीय विद्यापीठं, तिथे राज्याचा नॉन क्रीमी लेयर चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी-एनसीएल लागतं. सेतूत गेल्यावर 'केंद्र सरकारसाठी' असं तोंडाने सांगायचं आणि अर्जातही तोच प्रकार निवडलाय का बघायचं, नाहीतर प्रांत ऑफिसमधून सहीशिक्क्यासकट चुकीचा कागद हातात येतो. एनटी (भटक्या जमाती), व्हीजे (विमुक्त जाती) हे केंद्राच्या कॉलममध्ये नसतातच. वंजारी, धनगर यांनी तिथे ओबीसी निवडायचं, बाकीच्यांनी आपली जात केंद्राच्या यादीत आहे का ते बघूनच. कुणबी दाखला असेल तर ओबीसी. मराठा एसईबीसी हे राज्याच्या २०२४ च्या कायद्यातलं आरक्षण आहे, केंद्रात ते नाही, तिथे अटीत बसत असाल तर केंद्राचं ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटकाचं) सर्टिफिकेट काढा. त्याची अट अशी की घरचं सगळ्या मार्गाने उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि शेती ५ एकरच्या आत, मग ती कोरडवाहू असली तरी धरतात, हे मला पटत नाही पण नियम तसा आहे. उलट ओबीसीच्या उत्पन्नात आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, वडिलांची पोस्ट कुठल्या वर्गातली ते बघतात. ईडब्ल्यूएस एका आर्थिक वर्षापुरतंच, त्यामुळे मागच्या वर्षीचं अपलोड करू नका. पुण्यासारख्या राज्य विद्यापीठात कुठल्या जागेला कोणाचे नियम ते त्यांच्या प्रवेश पत्रकात असतं.

स्कोअरकार्ड आलं की लगेच चार-पाच विद्यापीठांचे फॉर्म भरा, तारखा एकमेकांत घुसतात. स्कोअर त्याच वर्षाच्या प्रवेशाला चालतो, पुढच्या वर्षी परत परीक्षा. प्रवेशाच्या वेळी दहावी-बारावीच्या मार्कशीट, सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, टीसी, दाखले, गॅप असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र आणि दुसऱ्या विद्यापीठात जाताय तर मायग्रेशन सर्टिफिकेट. शेवटच्या सेमचा रिझल्ट आपल्याकडे वेळेवर लागेल या भरवशावर राहू नका, कॉलेजकडून अपिअर्ड सर्टिफिकेट घ्या, हमीपत्र देऊन तात्पुरता प्रवेश बऱ्याच ठिकाणी मिळतो, मात्र मार्कशीट द्यायची शेवटची तारीख लिहून ठेवा.

डीबीटीच्या सीटवर एमएस्सी बायोटेकला महिना ५,००० रुपये स्टायपेंड आहे, अ‍ॅग्री बायोटेकला ७,५००, एमटेक-एमव्हीएस्सीला १२,०००. स्वतःच्या नावाचं बँक खातं आधीच उघडा, वडिलांसोबतचं जॉइंट नको. पैसे दर महिन्याला १ तारखेला येतील असं मात्र धरू नका, पहिल्या सेमचा मेस-रूमचा खर्च घरून न्यायची तयारी ठेवा.

आयआयटी मुंबईच्या एमएस्सी बायोटेकला मात्र हा स्कोअर चालत नाही, त्याला जॅम (आयआयटीसारख्या संस्थांच्या एमएस्सीची वेगळी प्रवेश परीक्षा) लागते, तिचे फॉर्म सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येतात आणि परीक्षा फेब्रुवारीत असते. दोन्हीचा अभ्यास बराचसा एकच आहे, तर थर्ड इयरच्या दिवाळीच्या सुट्टीआधी जॅमचाही फॉर्म भरून टाका.