नवस आणि भरवसा : हात तसेच जोडलेले, हिशेब वेगळा

वडिलांची बायपास चालू होती तेव्हा ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर आई आणि आजी शेजारी शेजारी बसल्या होत्या. दोघींचे हात जोडलेले, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. आईने रुपयाचं नाणं पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं होतं. "हे धड घरी येऊ देत, तुळजापूरला येऊन तुझी ओटी भरीन," असं ती भवानीला बोलली होती, हे मला नंतर कळलं. आजीला मी तिथेच विचारलं, तू काय मागितलंस? ती म्हणाली, "मागायचं काय? पांडुरंगाला म्हटलं, तुझं लेकरू आहे, तू बघ. तू आधी डबा खाऊन घे, रात्री तुला जागायचंय."

लांबून बघणाऱ्याला दोघी सारख्याच वाटल्या असत्या. आपल्याकडे दोन्हींना श्रद्धाच म्हणतात. पण आई करत होती तो नवस, आणि आजीचा होता तो भरवसा.

मराठी क्रियापदांना हा फरक आधीपासून ठाऊक आहे. नवस 'बोलतात' आणि नंतर 'फेडतात'. फेडायचं कर्ज असतं, उपकार असतात, तसाच नवस. भरवसा 'ठेवतात', देवावर भार 'घालतात'. भरवसा फेडला असं कुणी म्हणत नाही, कारण त्यात देणं लागत नाही.

नवसात क्रम ठरलेला असतो: आधी देवाने करायचं, मग माणसाने. मुलगा झाला तर पाळणा वाहीन, कोर्टाचा निकाल लागला तर अभिषेक करीन. 'तर'वर सगळी मदार. तुकोबांनी या व्यवहाराची सरळ टिंगल केली आहे: "नवसें कन्या पुत्र होती । तरि कां करणें लागे पती ॥"

टिंगल सोपी आहे, हेही खरं. बाकावर बसलेल्या बाईला नवरा वाचायला हवा असतो आणि तिच्या हातात करण्यासारखं काही नसतं. नवस तिला काहीतरी करायला देतो. मी आईला कधी हसलो नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. नवस भीतीतून निघतो आणि काम झालं तरी भीती संपवत नाही, तिची जागा बदलतो. नवस पावला की तो फेडायची धास्ती सुरू. मग घरात कुणाला ताप आला, स्कूटर घसरली, तरी कुणीतरी दबक्या आवाजात म्हणतं, "देवीचं काही राहिलंय का बघा." कालपर्यंत जिला हाका मारल्या, ती आता वसुलीला दारात उभी असल्यासारखी वाटते. आणि नवस पावला नाही तर आपलंच काही चुकलं, या विचाराने माणूस आणखी खंगतो.

गावच्या गाव घाबरलं की काय होतं, त्याचं जुनं उदाहरण मरीआईचा गाडा. पटकीची साथ आली की देवीला गाड्यात बसवायचं, पूजा करायची, वाजतगाजत वेशीबाहेर न्यायचं आणि गाडा पुढच्या गावाच्या हद्दीत ढकलायचा. पुढच्या गावाने तो त्याच्या पुढच्या गावाकडे. ज्या गावात औषध नाही, डॉक्टर नाही, त्यांनी दुसरं काय करायचं होतं, हा प्रश्न रास्तच आहे. पण पूजेचा शेवट कुठे होतो ते बघा. आपली वेस मोकळी झाली की झालं, शेजारच्या गावाचं काय व्हायचं ते होवो.

याच्या शेजारी दामाजीपंतांची कथा ठेवून बघावी. मंगळवेढ्याला बहामनी बादशहाचा हा अंमलदार. दुष्काळात माणसं दारात मरायला लागली आणि कोठारं तर धान्याने भरलेली, पण ती सरकारची. दामाजींनी कुलपं काढली. बिदरला खबर गेली, पकडून आणायचा हुकूम सुटला. मग विठ्ठल विठू महाराच्या रूपात बिदरच्या दरबारात गेला आणि त्याने सगळ्या धान्याचे पैसे भरले, असं कथा सांगते. कीर्तनात या जागेवर टाळ्या पडतात आणि त्या गजरात क्रमाकडे लक्षच जात नाही. पांडुरंगा, तू पैसे भरणार असशील तर कुलूप काढतो, असं दामाजी म्हणाले नाहीत. कुलूप आधी निघालं. तेव्हा विठू येईल की शिपाई येतील, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि कोठार उघडणाऱ्याला शिपायांचीच खात्री जास्त असणार.

तुकोबांच्या बाबतीत तर कुणी विठू थैली घेऊन आला नाही. 1630च्या सुमाराच्या दुष्काळाने दख्खन होरपळली, आणि आपल्या घरात काय झालं ते त्यांनी स्वतःच सांगितलं आहे: "दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥" नवसाच्या हिशेबाने देवाने इथे शब्द मोडला म्हणायचं. असं झाल्यावर माणसाने देऊळ सोडावं, नाहीतर दुसरा देव धरावा. तुकोबा त्याच अभंगात पुढे पडक्या देवळाची गोष्ट काढतात, ते नीट करावंसं वाटलं म्हणतात. घरी महाजनकी होती, लोकांची कर्जखतं होती. त्यातली भावाची वाटणी त्याला देऊन आपल्या वाट्याची खतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. ज्याच्याकडून येणं होतं त्याच्याकडचं येणं सोडलं. देवाकडचं येणं तरी मग कशाला लिहून ठेवायचं?

त्यांचीच एक ओळ आजी चहा करताना म्हणायची: "आलिया भोगासी असावें सादर । देवावरी भार घालूनियां ॥" आपण दुसरा चरण उचलतो आणि पहिला विसरतो. सादर म्हणजे हजर. समोर जे आलं आहे त्याच्यापुढे पाय रोवून उभं राहायचं, आणि उभं राहता यावं म्हणून डोक्यावरचा भार उतरवायचा. याच अभंगात पुढे "भयाचिये पोटीं दुःखाचिया रासी" असं येतं. संकटाचं दुःख एकदाच होतं, भीतीच्या पोटी त्याच्या राशी पडतात.

पहिला चरण गाळला की उरतं ते 'असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी'. याला भरवसा म्हणायची चूक फार होते, विशेषतः औषध बंद करून अंगाऱ्यावर राहणाऱ्यांकडून. तो आळस असतो, नाहीतर हट्ट. 2020 साली हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसलं. करोनात पायी वारी थांबली आणि देहू-आळंदीहून पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, आषाढीच्या आदल्या दिवशी. आयुष्यभर न चुकलेले वारकरी घरी बसले, अंगणात तुळशीपुढे टाळ वाजवले. 'विठ्ठल असताना रोग काय करणार' असं म्हणून गर्दी केली असती, तर ती विठ्ठलाला घातलेली अट झाली असती. अट आली की पुन्हा नवसच.

कोकणातलं गाऱ्हाणं मात्र मला या दोन्हींच्या मधे कुठेतरी दिसतं. "बा देवा महाराजा" म्हणून सुरुवात, मागून सगळ्यांचं "व्हय महाराजा". मागणं आहे, नारळही आहे. पण बोलण्यात घरच्या वडीलधाऱ्याशी भांडावं तसा हक्क असतो, आणि मागणं एकट्यासाठी नसतं, सगळ्या वाडीसाठी असतं. तिथे भीती कमी आणि ओळख जास्त.

वडील अकराव्या दिवशी घरी आले. पदरातलं नाणं कुंकवाच्या डबीत गेलं. तुळजापूरला जायचं पावसामुळे राहिलं, मग माझ्या परीक्षेमुळे राहिलं. वर्षभर आई रात्री मधेच उठायची आणि वडिलांचा श्वास चालू आहे ना बघायची. आजी त्या दिवशी हॉस्पिटलात डब्यातल्या दोन पोळ्या शेजारच्या बाकावरच्या पोराला देऊन भिंतीला टेकून घोरली होती. आईला तेव्हा तिचा रागच आला होता.

शेवटी एका मंगळवारी आई जाऊन आली. ओटी भरली, नाणं पेटीत टाकलं. घरी येऊन आजीच्या हातावर प्रसाद ठेवला. आजीने तो कपाळाला लावला आणि विचारलं, "आता तरी झोपशील ना गं?"