दिवाडीचा देव नदीपल्याड का?

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर गेलं, की फेरीबोट काही मिनिटांत मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर सोडते. खाजन शेती (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली), खारफुटी, पोर्तुगीज धाटणीची घरं, टेकडीवरचं चर्च. इतकं निवांत, की इथे कधी काही घडलंच नसावं असं वाटतं.

घडलं ते फार. गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत सप्तकोटीश्वर याच बेटावर, नार्व्याला होतं. आपलं राज्य त्याच्याच वरप्रसादाचं, असं ते सोन्याच्या नाण्यांवर कोरत. चौदाव्या शतकात बहमनी अमलात देऊळ मोडलं गेलं. विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभं केलं. पुढे १५१० मध्ये पोर्तुगीज आले, आणि १५४० पासून तिसवाडीतली (दिवाडी ज्यात येतं त्या तालुक्यातली) देवळं पाडण्याचा सपाटा सुरू झाला. सप्तकोटीश्वरही त्यातून सुटला नाही. लिंग म्हणे विहिरीच्या कामाला लावलं होतं. भाविकांनी ते लपवून पल्याड डिचोलीच्या मुलखात नेलं, कारण तिथे तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल नव्हता. त्या गावालाही नार्वेच म्हणू लागले. दिवाडीचा गणपती असाच खांडोळ्याला गेला. बेटावर मागे राहिलेल्या खुणा थोड्याच, त्यातली एक अनपेक्षित जागी आहे: टेकडीवरच्या दफनभूमीतल्या छोट्या चॅपेलचं नक्षीदार दगडी छत जुन्या देवळाचं आहे.

पलीकडच्या नार्व्यात शिवाजी महाराजांनी १३ नोव्हेंबर १६६८ रोजी देवळाचं काम सुरू करवलं. 'शिवराज्ञा' असा उल्लेख असलेला शिलालेख तिथे आहे. ही नुसती भक्ती नव्हती, असं मला वाटतं. पोर्तुगीज हद्दीसमोर, नदीच्या पल्याड, पोर्तुगीजांनीच पाडलेलं देवाचं देऊळ पुन्हा बांधायचं, यातलं राजकारण त्यांना न कळण्याइतकं अवघड नव्हतं.

दिवाडीच्या आजच्या शांततेमागे मात्र साथीचे रोगही आहेत. समोरचं जुनं गोवा शहर त्यांनी पोखरलं, व्हाइसरॉयने १७५९ मध्ये पणजीकडे बस्तान हलवलं आणि राजधानीच्या दारातलं हे बेट आडबाजूला पडलं. ऑगस्टमधल्या बोंदेराला तेवढी गर्दी उसळते. वाड्यांच्या हद्दीच्या जुन्या भांडणाची, झेंडे पाडण्याची आठवण म्हणून तो सण करतात.

बेट पाहून जुन्या गोव्याला परतण्याऐवजी उत्तरेच्या फेरीबोटीने पलीकडच्या नार्व्याला उतरावं. दुरुस्तीनंतर ते देऊळ २०२३ मध्ये पुन्हा खुलं झालं आहे.