शस्त्रप्रदर्शन व शस्त्रगोपन

आपल्याजवळची वरचढ शस्त्रे आधीच दाखवून शत्रूला धाक बसवावा, की ती दडवून ठेवून ऐन वेळी बाहेर काढावीत, यासंबंधीचा युद्धनीतीतील विचार. दाखविलेल्या शस्त्राने लढाई टळू शकते, पण त्यावर तोड काढण्यास शत्रूला अवधी मिळतो. कौटिलीय अर्थशास्त्रात (काळ वादग्रस्त) सैन्यबळ, ऋतू व भूमी अनुकूल असता प्रकाशयुद्ध (उघड लढाई) करावे, एरवी कूटयुद्ध (छुपी, कपटाची लढाई), असे म्हटले आहे.

मराठवाड्यात या विचाराची दोन्ही अंगे दिसतात. देवगिरीवरील अलाउद्दीन खलजीची स्वारी फार्सी इतिहासकार फिरिश्ताच्या कालगणनेनुसार १२९४ च्या सुमाराची ठरते. परंतु समकालीन कवी अमीर खुसरौच्या आधारे १२९६ हेच वर्ष आता सामान्यतः स्वीकारले जाते. मागून दिल्लीची मोठी फौज येत असल्याची हूल तेव्हा उठविण्यात आली होती, म्हणजे नसलेल्या बळाचेच ते प्रदर्शन होते. किल्ल्यातील पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाल्याची हकिगत मात्र तीन शतकांनंतरच्या फिरिश्ताची असल्याने जपूनच घ्यावी लागते.

तोफांच्या काळात निजामशाहीचे उदाहरण विशेष बोलके आहे. विजयनगरविरुद्धच्या तालिकोटच्या (राक्षसतागडीच्या) लढाईत, जानेवारी १५६५ मध्ये, हुसेन निजामशाहाच्या सुमारे ६०० तोफा साखळ्यांनी जोडून तीन रांगांत मांडल्या होत्या. त्यांच्यापुढे दोन हजार तिरंदाज उभे करून शत्रू टप्प्यात येईपर्यंत त्या झाकून ठेवल्या, असे फिरिश्ता सांगतो. याच दरबारासाठी मुहम्मद बिन हसन रूमी याने १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतलेली मलिक-ए-मैदान ही तोफ मात्र लपविण्याजोगी नव्हती. तिच्या मुखाला सिंहाच्या जबड्याचा आकार असून दातांत हत्ती धरलेला आहे. लांबी सुमारे ४.३ मी. आणि वजन सुमारे ५५ टन. ती तालिकोटच्या रणांगणावर होती, अशी परंपरा आहे. तथापि एवढे धूड लढाईच्या धामधुमीत ओढत नेले असेल, यापेक्षा ते बुरुजासाठीच ओतले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पुढे ती परांडा (धाराशिव जिल्हा) किल्ल्यावर होती व १६३२ मध्ये विजापुरास नेण्यात आली.

दौलताबादच्या मेंढा तोफेवर ‘किला शिकन’ (किल्ला फोडणारी) असे नाव कोरलेले आहे. गोल बुरुजावर खुंट्याभोवती फिरणाऱ्या या तोफेचे मेंढ्याचे मस्तक मागील टोकास आहे, त्यामुळे ते शत्रूला नव्हे तर गोलंदाजाला दिसते. उलट परांड्याच्या मलिक-ए-मैदान तोफेचा जबडा समोरच्याला दिसत असे. दौलताबादच्याच किल्ल्यात खंदकापलीकडील ‘अंधारी’ हा कातळात खोदलेला वळणावळणाचा काळोखा मार्ग गोपनाचा उत्कृष्ट नमुना आहे. त्यात शिरलेल्या शत्रूवर धूर सोडण्याची सोय होती, असे सांगितले जाते.